चिवट वडी : पाण्याच्या हिशेबाचा एक धडा

गूळ, शेंगदाणे, बेदाणे, खजूर आणि पोहे हे पाच जिन्नस बहुतेक घरांत असतात. याच जिन्नसांपासून कधी दातांनी मोडावी लागणारी कडक चिक्की होते, कधी हातात घेताच भुगा होणारा लाडू होतो, तर कधी वाकवली तर वाकेल, ओढली तर ताणेल आणि चावताना तोंडात बराच वेळ टिकेल अशी चिवट वडी होते. दुकानांत रंगीत वेष्टनात ‘फ्रूट अँड नट बार’ म्हणून मिळते ती हीच वडी. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराच्या डब्यात ती चालते, तशीच पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या शाळकरी मुलांच्या खिशातही चालते. ती हात खराब करत नाही, गरम करावी लागत नाही आणि काही दिवस टिकते.

जिन्नस तेच असताना वडी एकदा कडक आणि एकदा चिवट का होते? पावसाळ्यात तीच वडी चिकट आणि एप्रिलमध्ये दगडासारखी का होते? बेदाण्यात ओल असूनही त्याला बुरशी लागत नाही, मग त्याहून कोरड्या दिसणाऱ्या शेंगदाण्याला ती का लागते? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीत आहे, ती म्हणजे पाणी. वडीत पाणी किती आहे आणि त्यातले मोकळे किती आहे, हा हिशेब जमला की वडी जमते. तो हिशेब आपण आज मांडू या.

एकाच गुळाचे तीन पाक

शुद्ध पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. त्यात साखर किंवा गूळ विरघळवला की उत्कलनबिंदू वाढतो. साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, त्यामुळे पाण्याची वाफ होण्यास अधिक उष्णता लागते. पाक उकळत राहिला की पाणी उडून जाते, साखरेचे प्रमाण वाढते आणि उत्कलनबिंदू आणखी वर चढतो. म्हणून उकळत्या पाकाचे तापमान म्हणजे त्यात किती पाणी उरले आहे हे सांगणारा काटाच होय.

आपल्या स्वयंपाकघरात तापमापक नसतो, पण हे शास्त्र तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. बोटांच्या चिमटीत पाकाची एक तार येते तेव्हा त्यात साखर सुमारे ८० टक्के असते आणि तापमान १०६ ते ११२ अंश असते. वाटीतील थंड पाण्यात थेंब टाकल्यावर त्याची मऊ गोळी वळता येते तेव्हा साखर सुमारे ८५ टक्के आणि तापमान ११२ ते ११६ अंश असते. हा गोळीबंद पाक. थेंब पाण्यात पडताच कडक होऊन काचेसारखा तुटू लागतो तेव्हा तापमान १५० अंशांच्या आसपास पोचलेले असते आणि पाणी अवघे एखादा टक्का उरलेले असते. गूळ मात्र साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून चिक्की करणारे कढई थोडी आधीच उतरवतात.

येथे नाशिककर विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. उंची दर ३०० मीटरने वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. म्हणजे अंबडच्या स्वयंपाकघरात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. पाकाची वर दिलेली तापमानेही येथे २ अंशांनी कमी धरावी लागतात. मुंबईत छापलेले पुस्तक समोर ठेवून कोणी नाशिकला ११६ अंशांपर्यंत पाक तापवला, तर तो अपेक्षेपेक्षा अधिक घट्ट होईल. थंड पाण्यातील गोळीची परीक्षा मात्र मुंबईतही खरी आणि नाशिकातही खरी, कारण ती तापमान न मोजता पाकाचा घट्टपणाच पाहते.

आता चिवटपणाचे कारण पाहू. कडक चिक्कीत पाणी इतके थोडे असते की थंड होताना साखरेच्या रेणूंना व्यवस्थित रांगा लावून स्फटिक बनवण्यास सवड मिळत नाही. ते असतील तेथे थिजतात. अशा अवस्थेला शास्त्रज्ञ काचरूप अवस्था म्हणतात. खिडकीची काच आणि चिक्की यांत एवढे साम्य आहे, म्हणूनच दोन्ही वाकत नाहीत, तुटतात. त्याच पाकात पाणी थोडे अधिक राहिले तर पाण्याचे लहान रेणू साखरेच्या मोठ्या रेणूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांवरून सरकू देतात. मग पाक थंड झाल्यावरही रबरासारखा राहतो, दाबला तर दबतो. पाणी येथे यंत्रातील वंगणाचे काम करते.

तिसरी शक्यता म्हणजे पाक साखरतो. त्यात बारीक स्फटिक पडतात आणि वडी भुसभुशीत होते. नुसत्या साखरेच्या पाकात हा धोका मोठा असतो. गुळात सुक्रोजबरोबरच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान शर्करा असतात. त्या मध्ये येऊन सुक्रोजच्या रांगा मोडतात. साखरेच्या पाकात लिंबाचे चार थेंब पिळतात तेही याचसाठी. आम्लामुळे काही सुक्रोज फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. चिवट वडीसाठी गूळ आणि खजूर सोयीचे पडतात ते केवळ चवीमुळे नव्हे, हे आता लक्षात येईल.

द्राक्षाचा बेदाणा होतो तेव्हा

निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत हा परिसर द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात बेदाण्याचा मोठा व्यापार सांगली जिल्ह्यात तासगावकडे चालतो, आणि नाशिकची द्राक्षे अधिक करून ताजीच विकली जातात. तरी बेदाणा येथील मुलांनाही घरचाच वाटावा असा पदार्थ आहे.

ताज्या द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी असते. चांगल्या बेदाण्यात ते १५ टक्क्यांच्या आसपास उरते. आता हिशेब करा. ४ किलो द्राक्षांत घन पदार्थ २० टक्के, म्हणजे ८०० ग्रॅम. बेदाण्यात घन पदार्थ ८५ टक्के. म्हणून ८०० ला ०.८५ ने भागले की सुमारे ९४० ग्रॅम उत्तर येते. ४ किलो द्राक्षांपासून जवळजवळ १ किलो बेदाणे होतात आणि तीन किलोंहून अधिक पाणी हवेत जाते.

हे पाणी सहजासहजी जात नाही. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तो फळाचे पाणी राखतो. नुसते घड वाळत घातले तर फार दिवस लागतात आणि रंग काळपट होतो. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि एथिल ओलिएट यांच्या सौम्य द्रावणात बुडवून काढतात. त्यामुळे मेणाच्या थरातून पाण्याला वाट मिळते. मग शेडमध्ये जाळीच्या मांडवावर, सावलीत आणि खेळत्या हवेत घड पसरतात. पिवळा रंग टिकावा म्हणून पुष्कळदा गंधकाची धुरीही देतात. पोटॅशियम कार्बोनेट हे नाव लक्षात असू द्या. शेवटच्या प्रयोगात ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

पाणी किती, आणि मोकळे किती?

आता या धड्याचा गाभा पाहू. मधात सुमारे १८ टक्के पाणी असते, तरी तो वर्षानुवर्षे टिकतो. बेदाण्यात १५ टक्के पाणी असते, तोही टिकतो. पण सोललेल्या शेंगदाण्यात ओल ७-८ टक्क्यांच्या वर गेली की साठवणीत त्याला बुरशी लागण्याचा धोका सुरू होतो. ज्यात पाणी अधिक तो पदार्थ सुरक्षित, आणि ज्यात कमी तो धोक्यात! हे कसे?

याचे उत्तर असे, की पदार्थातले सगळे पाणी सूक्ष्मजीवांच्या कामाचे नसते. मधातील आणि बेदाण्यातील पाणी साखरेने घट्ट धरून ठेवलेले असते. शेंगदाण्याचे निम्म्याच्या आसपास वजन तेलाचे असते आणि तेल पाणी धरत नाही. म्हणून शेंगदाण्यात जे थोडे पाणी असते ते उरलेल्या अर्ध्या भागातच साठते, आणि ते मर्यादेपेक्षा वाढले की लवकर मोकळे होते. बुरशी आणि जिवाणू हे मोकळे पाणीच पिऊ शकतात.

मोकळेपणाचे हे माप ० ते १ या पट्टीवर सांगतात. त्याला जलक्रियाशीलता असे नाव आहे. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १ असते. ऑस्ट्रेलियातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ मध्ये जिवाणूंच्या वाढीचा या मापाशी असलेला संबंध दाखवून दिला. त्यानंतर अन्न टिकवण्याच्या शास्त्रात हे माप रूढ झाले. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढू शकत नाहीत. बहुतेक बुरश्या ०.८० च्या खाली थांबतात. ०.६० च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. ताज्या द्राक्षाची जलक्रियाशीलता ०.९८ च्या जवळ, मध आणि बेदाणा यांची ०.६ च्या आसपास, तर कडक चिक्कीची त्याहून पुष्कळच कमी असते.

या मापाचा हवेशी थेट संबंध आहे. ज्या वडीची जलक्रियाशीलता ०.६ आहे ती ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत ठेवली तर तिचे वजन वाढतही नाही आणि घटतही नाही. हवा त्याहून दमट असेल तर वडी पाणी शोषते, कोरडी असेल तर पाणी सोडते. आषाढ-श्रावणात वडी चिकटते आणि चैत्र-वैशाखात कडक होते याचे कारण हेच.

आणखी एक नियम याहून महत्त्वाचा आहे. एकाच डब्यात दोन पदार्थ ठेवले तर पाणी अधिक ओलसर पदार्थाकडून कमी ओलसर पदार्थाकडे जाते असे आपण समजतो. ते नेहमी खरे नसते. पाणी अधिक जलक्रियाशीलतेकडून कमी जलक्रियाशीलतेकडे जाते. कडक चिक्कीत बेदाणे घातले तर दोन-चार दिवसांत बेदाणे खडखडीत होतात आणि त्यांच्याभोवतीचा पाक पाझरतो. चिक्कीत बेदाणे सहसा का घालत नाहीत, हे यावरून उमजेल. बेदाणा घालायचा असेल तर त्याच्याभोवतीचा पाकही त्याच्या तोलाचा हवा, म्हणजे गोळीबंद हवा. चिवट वडीचे सारे कसब या एका वाक्यात आहे.

वडी करून पाहू

ही कृती घरातील मोठ्या माणसांबरोबरच करावी. गुळाचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा अधिक तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो, त्यामुळे पाकाने भाजलेली जखम खोल होते. चुकून पाक हातावर पडला तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली हात बराच वेळ, निदान वीस मिनिटे, धरावा. टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावू नये, आणि जखम मोठी असल्यास डॉक्टरांकडे जावे.

साहित्य : शेंगदाणे १०० ग्रॅम, जाडे पोहे १०० ग्रॅम, बेदाणे १०० ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर १०० ग्रॅम, गूळ १०० ग्रॅम, तीळ २५ ग्रॅम, तूप २० ग्रॅम, पाणी पाव वाटी आणि चिमूटभर मीठ.

शेंगदाणे निवडून मंद आचेवर भाजावेत, साले पाखडून काढावीत आणि दाण्यांचे जाडसर तुकडे करावेत. पोहे कुरकुरीत होईपर्यंत कोरडेच भाजावेत. तीळ तडतडेपर्यंत परतावेत. बेदाणे धुतले असतील तर फडक्यावर पसरून पुरते वाळू द्यावेत. तसे न केल्यास आपण नकळत वडीत पाणी घालतो आणि सगळा हिशेब बिघडतो. खजूर कुस्करून ठेवावा.

जाड बुडाच्या पातेल्यात गूळ आणि पाणी घालून मंद आचेवर गूळ विरघळवावा. कचरा दिसल्यास गाळून घ्यावे. पाक उकळू लागला की दर मिनिटाला वाटीतील थंड पाण्यात थेंब टाकून पाहावे. मऊ गोळी वळली की लगेच आच बंद करून तूप, मीठ आणि खजूर घालून घोटावे. मग बाकीचे सारे जिन्नस घालून एकजीव करावे. तूप लावलेल्या ताटात सुमारे दीड सेंटिमीटर जाडीचा थर थापून वाटीच्या बुडाने घट्ट दाबावा. दाबण्यात आळस केला तर मध्ये हवेच्या फटी राहतात आणि वडी कापताना तुटते.

प्रयोगशाळेतील पाऱ्याचा तापमापक खाण्याच्या पाकात कधीही बुडवू नये. तो फुटला तर पारा अन्नात जाईल. शिवाय शाळेतील साधा तापमापक ११० अंशांपर्यंतच असतो. थंड पाण्याची वाटी येथे अधिक बरी.

घरी ओव्हन असल्यास १५० अंशांवर १८ ते २० मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या मोठ्या कढईत वाटी-दोन वाट्या जाडे मीठ पसरावे, त्यावर रिंग किंवा उपडी ताटली ठेवावी, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापू द्यावे, आणि मग वडीचे ताट आत ठेवून मंद आचेवर साधारण २५ मिनिटे भाजावे. कडा किंचित तपकिरी झाल्या की ताट बाहेर काढावे.

या वेळी मधला भाग मऊ लागतो. अजून झाले नाही असे वाटून पुष्कळजण ताट पुन्हा आत ठेवतात आणि वडीची चिक्की करून बसतात. गरम असताना मऊ लागणे हे रबरासारख्या पाकाचे लक्षण आहे. निवाल्यावर तो आपोआप घट्ट होतो. ताट कोमट झाले की तूप लावलेल्या सुरीने ३० ग्रॅमच्या साधारण १८ वड्या कापाव्यात आणि पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. गरम वडी डब्यात भरली तर झाकणाला आतून पाणी सुटते आणि तेच थेंब वडीवर पडून बुरशीला आमंत्रण देतात.

भट्टीत काय घडते?

भाजण्यापूर्वीचा पाण्याचा ताळेबंद अंदाजे असा मांडता येईल : भाजलेले दाणे २ ग्रॅम, भाजलेले पोहे ५ ग्रॅम, बेदाणे १५ ग्रॅम, खजूर २० ग्रॅम, तीळ १ ग्रॅम आणि गोळीबंद पाक १५ ग्रॅम. एकूण ५८ ग्रॅम पाणी. मिश्रणाचे वजन सुमारे ५५५ ग्रॅम, म्हणजे पाणी साडेदहा टक्के. ताट भाजण्यापूर्वी आणि भाजल्यावर तोलून पाहा. समजा वजन १५ ग्रॅमने घटले. आता ५४० ग्रॅम वडीत ४३ ग्रॅम पाणी उरले, म्हणजे ८ टक्के. पुढच्या वेळी पाच मिनिटे अधिक भाजा, पुन्हा तोला आणि चावून पाहा. किती टक्के पाण्याला वडी आवडती होते, हे आपले आपल्यालाच सापडेल.

भट्टीचे दुसरे काम रंगाचे आणि वासाचे. वडीचा पृष्ठभाग वाळला की त्याचे तापमान वर चढते. मग गुळातील ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि दाण्यांतील प्रथिनांचे घटक यांची एकमेकांशी अभिक्रिया होऊन तपकिरी रंगाचे आणि खमंग वासाचे शेकडो पदार्थ तयार होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले दाणे आणि खरपूस खवा यांचा सुवास तिचाच. वडीच्या आतल्या भागात पाणी असल्यामुळे तो इतका तापत नाही, म्हणून रंग कडांना आणि वरच्या बाजूला आधी येतो.

पौष्टिकपणाचा खरा हिशेब

अशा वडीला सरसकट ‘पौष्टिक’ म्हणण्याची पद्धत आहे. आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत, तेव्हा आकडे मांडून पाहू.

शेंगदाण्यापासून ५६७ कॅलरी, पोह्यांपासून ३५०, बेदाण्यांपासून ३००, खजुरापासून २८०, गुळापासून ३८०, तिळापासून १४३ आणि तुपापासून १८० मिळतात. बेरीज २,२०० कॅलरी. १८ वड्या केल्या तर एका वडीत सुमारे १२२ कॅलरी. प्रथिने दाण्यांतून २५ ग्रॅम, पोह्यांतून साडेसहा, तिळातून साडेचार आणि बेदाणे-खजूर मिळून साडेपाच, म्हणजे एकूण साधारण ४२ ग्रॅम. एका वडीत २.३ ग्रॅम.

आता याच वजनाची साधी चिक्की घ्या. तिच्यात निम्मे दाणे आणि निम्मा गूळ धरला तर ३० ग्रॅममध्ये प्रथिने पावणेचार ग्रॅम होतात. म्हणजे प्रथिनांत चिक्कीच वडीच्या पुढे आहे! परंतु त्याच चिक्कीत गुळातून आलेली शर्करा साडेतेरा ग्रॅम असते, आणि आपल्या वडीत ती सुमारे ५ ग्रॅम असते. वडीत बेदाणे आणि खजूर यांची आणखी ७ ग्रॅम शर्करा आहे, पण तिच्याबरोबर फळांचे तंतूही येतात. म्हणून ‘कोणती चांगली?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. प्रथिने पाहिजेत की गोडी कमी हवी, हे आधी ठरवावे लागते. दाण्यांचे प्रमाण वाढवून आणि बेदाणे घटवून वडीतील प्रथिने वाढवता येतील.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये असा सल्ला दिला, की वरून घातलेल्या शर्करेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. २,००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम होते. गूळ आणि मध हेही या मोजणीत येतात. ‘गूळ आहे, साखर नव्हे’ असे म्हणून त्यातून सुटका होत नाही. गुळात लोह असते हे खरे. पण एका वडीतील पाच-साडेपाच ग्रॅम गुळातून मिळणारे लोह अत्यल्प असते. आणि चिवट पदार्थ दातांच्या फटींत अडकून राहतो, तेथील जिवाणू शर्करेपासून आम्ल तयार करतात, म्हणून वडी खाल्ल्यावर चूळ भरण्यास विसरू नये.

दुकानातील वडी घेतानाही हीच दृष्टी ठेवावी. वेष्टनावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा ग्लुकोजचा पाक असेल, तर चित्रात बदाम कितीही मोठा छापलेला असो, ती मिठाईच आहे असे समजावे.

निवडलेला दाणा का महत्त्वाचा?

कृतीत ‘शेंगदाणे निवडून’ असे म्हटले आहे. ही केवळ गृहिणीची टापटीप नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोध घेता घेता संशय ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर गेला. त्या पेंडीत ॲस्पर्जिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीने तयार केलेले विष सापडले. बुरशीच्या नावावरूनच त्याला अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. हे विष यकृताला इजा करते आणि दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हे संकट केवळ परदेशी नाही. १९७४ मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवरील आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाल्ल्यामुळे ३९७ जण आजारी पडले आणि त्यांपैकी १०६ दगावले.

या बुरशीला वाढण्यासाठी सुमारे ०.८ जलक्रियाशीलता लागते. म्हणजे पुन्हा मोकळ्या पाण्याचाच प्रश्न आला. शेंगा नीट वाळवल्या आणि दाणे कोरड्या जागी ठेवले तर ती वाढत नाही. पण एकदा विष तयार झाले की भाजून ते पुरते नाहीसे होत नाही. खमंग वासाखाली ते लपते एवढेच. म्हणून काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा हिरवट-पिवळा थर असलेले किंवा कडू लागणारे दाणे फेकून द्यावेत. ‘भाजले की चालेल’ असे म्हणू नये. बुरशी लागलेली वडीही कड काढून खाऊ नये. आणि शाळेत डबा वाटून खाताना एखाद्या मित्राला शेंगदाणे सोसत नसतील तर आधी विचारून घ्यावे, कारण काहींना त्यांची तीव्र ॲलर्जी असते.

वर्गात करण्याचा प्रयोग : तीन बाटल्या

रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या तीन बाटल्या घ्या. पहिलीत मिठाचे संपृक्त द्रावण घाला. तळाशी न विरघळलेले मीठ दिसले पाहिजे. बंद बाटलीत या द्रावणावरील हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते. दुसरीत शिक्षकांच्या देखरेखीखाली पोटॅशियम कार्बोनेटचे संपृक्त द्रावण घाला. तेथे आर्द्रता सुमारे ४३ टक्के राहते. हे द्रावण कातडीला आणि डोळ्यांना लागू देऊ नये. तिसरीत नुसते पाणी घाला. तेथे आर्द्रता १०० टक्क्यांच्या जवळ जाते.

प्रत्येक बाटलीत द्रावणाला स्पर्श होणार नाही अशा रीतीने लहान झाकणांत चिवट वडीचा आणि कडक चिक्कीचा एकेक तुकडा ठेवा. तुकडे आधी शाळेच्या तराजूवर तोलून घ्या. आठवडाभर रोज तोला आणि वजनाचा आलेख काढा. दुसऱ्या बाटलीकडे विशेष लक्ष द्या. तेथे एकाच हवेत वडीचे वजन घटताना आणि चिक्कीचे वाढताना दिसेल. तिसऱ्या बाटलीत बुरशी दिसली की झाकण पुन्हा उघडू नका. प्रयोगातील कोणताही तुकडा तोंडात घालू नका.

विचार करा

१. तिसऱ्या बाटलीतील चिक्की ओली झाली. तिच्यातील साखर कमी झाली नाही, मग ती आता लवकर का बिघडेल?

२. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे गोळीबंद पाकाचे तापमान अंदाजे किती धराल?

३. आपल्या कृतीत पोह्यांऐवजी तितकेच शेंगदाणे घातले तर एका वडीतील प्रथिने आणि कॅलरी किती होतील? वडीच्या बांधणीवर काय परिणाम होईल?

४. पावसाळ्यात वडी टिकावी म्हणून पाक थोडा अधिक घट्ट घ्यावा, की डबा अधिक घट्ट झाकणाचा घ्यावा? दोन्ही उपायांमागील कारणे लिहा, आणि बेदाण्यांचे काय होईल तेही सांगा.

पहिल्या प्रयत्नात वडी कडक झाली तर ती टाकू नका. तिचे तुकडे करून घट्ट डब्यात दोन-तीन ताज्या बेदाण्यांबरोबर ठेवा आणि चार दिवसांनी पाहा. पाणी कोठून निघाले आणि कोठे गेले, हे तुम्हाला आता सांगता येईल.